एक टेबल पुरत नाही: घर खाली करण्याच्या दाव्यांतल्या वकिलांना खुलं पत्र

आदरणीय वकील मंडळी आणि मोफत विधी साहाय्य केंद्रं चालवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. आठवड्यातले दोन दिवस न्यायालयाच्या आवारात मोफत सल्ल्याच्या टेबलाशी बसतो. आलेल्या माणसाचे कागद तारखेप्रमाणे लावायचे, त्यांत काय लिहिलंय ते त्याला त्याच्या भाषेत सांगायचं आणि मग तुमच्यापैकी कुणाकडे तरी पाठवायचं, एवढंच माझं काम. घर खाली करण्याच्या भांडणातले कागद इतके चाळून झालेत की आता पाकिटाच्या जाडीवरूनच कळतं, प्रकरण कुठवर आलंय. पातळ पाकीट म्हणजे नोटीस. फुगलेलं म्हणजे समन्स आणि दाव्याची प्रत. आणि पाकीटच नाही, खिशातून काढलेला, चार घड्यांचा, घामाने मऊ पडलेला एकच कागद, म्हणजे बेलीफ, न्यायालयाचा हुकूम बजावणारा माणूस, येऊन गेलाय.

माझी पहिली तक्रार अशी की पातळ पाकीट आमच्या टेबलावर जवळजवळ कधीच येत नाही. दुसरी अशी की छोट्या घरमालकासाठी आमच्याकडे टेबलच नाही.

परवाचं सांगतो. एक गृहस्थ पिशवीतून तीन पाकिटं घेऊन आले. तिसरं फोडलेलं होतं, पहिली दोन जशीच्या तशी. "ही का उघडली नाहीत?" म्हटलं. तर म्हणाले, "मालकाचं पाकीट. आत शिव्याच असणार, वाचून काय डोकं फिरवून घ्यायचं?" मी पहिलं उघडलं. त्यात शिव्या नव्हत्या, सात महिन्यांच्या थकबाकीची मागणी होती. दुसऱ्यात समन्स. तिसरं ताबा वॉरंट, म्हणजे जागेचा ताबा काढून घेण्याचा न्यायालयाचा हुकूम. मग त्यांनी त्याच पिशवीच्या तळातून एक प्लॅस्टिकची थैली काढली. त्या सातांपैकी तीन महिन्यांच्या भाडेपावत्या तिच्यात होत्या, मालकाच्या सहीसकट. पहिल्या पाकिटाला त्या पावत्या जोडून दोन ओळींचं उत्तर गेलं असतं, तर दावा निदान त्या आकड्यावर तरी उभा राहिला नसता. आता त्यांच्या हातात उरला होता एकतर्फी, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत झालेला, हुकूम रद्द करण्याचा अर्ज. ते दार अजून उघडं असतं, पण फार अरुंद असतं, आणि त्यातून जाताना "तारखेला का आला नाहीत?" या प्रश्नाला पटेल असं उत्तर द्यावं लागतं. "मला वाटलं शिव्या असतील" हे काही त्यातलं नव्हे.

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं की पाकीट न उघडल्याने किंवा न घेतल्याने काही थांबत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेलं टपाल पोचलं असंच धरलं जातं आणि "घेण्यास नकार" हा शेरा न्यायालयात बजावणीसारखाच चालतो. आवारातल्या चहावाल्यालाही हे ठाऊक आहे. ज्याला ठाऊक असायला हवं त्याला नाही.

इथपर्यंतचं तुमच्यापैकी बहुतेकांना पटेल. भाडेकरूला मदत लवकर मिळाली पाहिजे, याला कोण नाही म्हणणार? मला जे खरं बोलायचंय ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं आहे.

मागे एक वयस्कर बाई आल्या होत्या. एकच घर, एकच भाडेकरू, आणि त्या भाड्यावर त्यांचं औषधपाणी. पाच महिने भाडं आलेलं नव्हतं. कुणा जवळच्या माणसाने सल्ला दिला, "कुलूप बदलून टाका, सामान बाहेर ठेवा, मग बघू काय करतो ते." त्यांनी तेच केलं. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याविरुद्धच ताबा परत मिळण्याचा दावा दाखल झाला होता. पाच महिन्यांची थकबाकी खरी होती, पण आता ती बोलायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. भारतात विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ चं कलम ६ असं की ज्याला कायद्याची रीत सोडून जागेतून बाहेर काढलं, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केला तर त्याला ताबा परत मिळू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. बाई पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "पण घर माझंच आहे ना?" हो, होतं. पण त्या दाव्यात त्याने काही फरक पडत नव्हता.

आमच्या केंद्रावर त्यांना मदत मिळाली नाही. "आपण घरमालकांच्या केसेस घेत नाही, ज्याच्याकडे घर आहे तो गरीब कसा?" असं सांगून त्यांना परत पाठवलं. मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. नंतर कायदा वाचला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार असे अनेक गट मोफत विधी सेवेला पात्र धरलेत आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. अर्जदार मालक असावा की भाडेकरू, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे त्या बाई नुसत्या स्त्री म्हणूनही पात्र होत्या. आम्ही आमच्या मनातला नियम कायदा म्हणून त्यांना ऐकवला.

मी स्वतः भाड्याच्या घरात राहतो. तेव्हा हे घरमालकांची वकिली करणारं पत्र आहे असा कुणाचा समज होऊ नये. बड्या मालकांना, बिल्डरांना, दहा-दहा घरं असणाऱ्यांना तुमचं मोफत टेबल नकोच आहे. त्यांचे वकील ठरलेले असतात. मी बोलतोय ते एका घराच्या मालकाबद्दल. त्याला कुणी नीट सल्ला देत नाही, म्हणून तो नातेवाइकाचा, शेजाऱ्याचा, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओचा सल्ला घेतो. आणि त्या सल्ल्याची किंमत शेवटी भाडेकरूच मोजतो: वीज तोडली जाते, पाणी बंद होतं, सामान जिन्यात येतं. मालकाला वेळेवर दिलेला तासाभराचा सल्ला भाडेकरूचं किती नुकसान वाचवतो, हे आमच्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही.

ही गोष्ट काही आपल्यापुरतीच नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढणं १९७७ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. दक्षिण आफ्रिकेने तर थेट राज्यघटनेतच, कलम २६ मध्ये, लिहून ठेवलंय की सगळी परिस्थिती विचारात घेऊन न्यायालयाने हुकूम दिल्याशिवाय कुणालाही त्याच्या घरातून काढता येणार नाही. म्हणजे कुलूप बदलणारा मालक तिथेही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. तरी कुलुपं बदलली जातातच. कारण कायदा आहे हे मालकाला कळतं ते कुलूप बदलल्यानंतर.

भाडेकरूसाठी काही ठिकाणी चांगलं काम झालंय. न्यू यॉर्क शहराने २०१७ मध्ये कायदा करून कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना घर खाली करण्याच्या प्रकरणात वकील मिळण्याची सोय केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ पासून नवी योजना आहे, आणि तिची एक गोष्ट मला फार आवडली: मदत न्यायालयाच्या दारात सुरू न होता लेखी नोटीस हातात पडल्यापासूनच सुरू होते. माझ्या भाषेत सांगायचं तर पातळ पाकिटापासून. घरासोबत कर्ज आणि सरकारी मदत यांचाही सल्ला तिथे मिळतो, कारण भाडं थकतं ते बहुधा दुसरं काहीतरी आधीच थकलेलं असतं म्हणून. पण या दोन्ही सोयी राहणाऱ्यासाठी आहेत. छोट्या मालकासाठी त्यांत टेबल नाही. डोक्यावरचं छप्पर जाणाऱ्याला आधी वकील, हे मला मान्य आहे. पण "आधी" आणि "फक्त" यांत फरक आहे.

आता कुणी म्हणेल, मग त्याच टेबलावर दोघांनाही बसवा. कृपा करून हे करू नका. मी हा प्रकार पाहिलाय. सकाळी भाडेकरूने एका भल्या सल्लागाराला सांगितलं की नोकरी सुटलीय, महिनाअखेरीस गावी जायचा विचार आहे. दुपारी मालक त्याच खुर्चीवर. सल्लागाराने चांगल्या मनानेच सुचवलं, "थोडं थांबा, कदाचित आपोआप सुटेल." मालक मूर्ख नव्हता. संध्याकाळपर्यंत भाडेकरूच्या कानावर गेलं की त्याचं बोलणं फुटलंय, आणि त्या दिवसापासून तो आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. एका वकिलाने दोन्ही पक्षांकडे पाहू नये, हे तुम्ही पहिल्या वर्षाला शिकलेले असता. म्हणून टेबलं दोन हवीत, माणसं वेगळी, नोंदवह्या वेगळ्या, आणि शक्य झालं तर दिवससुद्धा वेगळे. मी मागतोय ते एवढंच आहे, पण आमच्याकडे ते गेली कित्येक वर्षं "विचाराधीन" आहे.

दुसऱ्या टेबलावर काय सांगायचं? फार नाही. मालक आला की आधी करारनामा बघायचा: भाडेपट्टा आहे की लिव्ह अँड लायसन्स, नोंदवलाय की नुसताच स्टॅम्प पेपरवर आहे. पुढचा रस्ता यावरच ठरतो आणि निम्म्या मालकांना आपल्या हातात नेमकं काय आहे हेच माहीत नसतं. मग दिवसांचा हिशेब. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची नोटीस लागते. एका दिवसाच्या चुकीवर दावे पडायचे, म्हणून पुढे दुरुस्ती झाली: पूर्ण मुदत उलटल्यावर दावा लावला असेल तर नोटिशीत दिवस कमी लिहिले एवढ्यावर ती आता बाद होत नाही. पण थकबाकीचं प्रकरण असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १५ वेगळंच गणित मांडतं. लेखी मागणीनंतर ९० दिवस उलटेपर्यंत दावाच करता येत नाही. आणि दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली आणि पुढचं भाडं भरत राहिला, तर त्या कारणावर हुकूम होत नाही. हे मालकाला आधीच सांगितलं की त्याचा निम्मा राग पहिल्या दिवशीच उतरतो. "म्हणजे मला पैसे मिळतील?" असं विचारतो. बहुतेकांना घरापेक्षा पैसेच हवे असतात, हे कुणीतरी त्यांच्या तोंडून काढून घ्यावं लागतं.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिने मी चांगली-चांगली प्रकरणं घसरताना पाहिलीत. मालक नोटीस देतो आणि पुढच्या महिन्यात भाडं खात्यात आलं की खुशाल ठेवून घेतो. मुदत संपल्यानंतरचं भाडं असं घेतलं की "मालकाने नोटीस सोडून दिली" हा मुद्दा समोरच्या वकिलाला आयता मिळतो. तो टिकेल न टिकेल, पण वाद वाढतो. हक्क राखून रक्कम घेतल्याचं दोन ओळींचं पत्र त्याच दिवशी गेलं असतं तर हे टळलं असतं.

भाडेकरूच्या टेबलावरची सगळ्यात जीवघेणी गोष्ट आहे ती ३० दिवसांची. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मागण्याचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. नाही मागितली, तर अर्जात लिहिलेलं कबूल धरलं जातं. लोक तारखेला न चुकता येतात, सकाळपासून बाकावर बसून राहतात, नाव पुकारलं की हात जोडून उभे राहतात, आणि त्यांना कळतं की बोलायची वेळ गेल्या आठवड्यातच संपली. मुदत संपल्यावरही जागेत राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, हेही त्यांना तिथेच, त्या उभ्या अवस्थेतच, पहिल्यांदा कळतं.

इथे तुमच्यापैकी काहींना दोन शब्द ऐकवतो, राग मानू नका. भाडेकरूला "काळजी करू नका, पाच वर्षं तुमच्या केसाला धक्का लागत नाही" आणि मालकाला "एका नोटिशीत बाहेर काढतो बघा" ही दोन वाक्यं मी आवारातल्या एकाच झाडाखाली, कधीकधी एकाच तोंडून ऐकलीत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर झाला तर त्याची कारणं लेखी द्यावीत, असं बजावलंय. अपिलात स्थगिती मिळाली तरी ती फुकट मिळेलच असं नाही. बाजारभावाने रक्कम भरत राहण्याची अट न्यायालय घालू शकतं. पाच वर्षांच्या भरवशावर बसलेल्या माणसाला ती रक्कम कळते तेव्हा त्याची ऐपत केव्हाच संपलेली असते. वेळ विकणं हा सल्ला नव्हे.

तुमच्या नोटिशींबद्दलही बोलायचंय. "सदरहू मिळकतीचा शांततापूर्ण, निर्वेध व खुला कब्जा" मागणारी नोटीस एकाने माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "निर्वेध म्हणजे? ग्रहण लागलंय का घराला?" आम्ही दोघंही हसलो. पण त्या नोटिशीत नक्की किती पैसे, कोणत्या महिन्यांचे, कुठल्या तारखेपर्यंत द्यायचे, हे शोधायला मला दोनदा वाचावं लागलं, आणि मी हे नेहमी वाचतो. इंग्लंडमधल्या ठरावीक नमुन्याच्या नोटिशींमध्ये, हा कागद घेऊन ताबडतोब सल्ला केंद्रात किंवा वकिलाकडे जा, अशी टीप छापलेली पाहिली आहे. तुमच्या नोटिशीच्या तळाला अशी एक ओळ टाकायला कुणाची परवानगी लागत नाही: मोफत सल्ला कुठे मिळेल आणि कधी. समोरच्याला मदत का करायची, असं तुमचा अशील विचारेल. त्याला सांगा, ज्याला सल्ला मिळाला तो उत्तर देतो, आणि जो उत्तर देतो त्याच्याशी बोलता येतं. एकतर्फी हुकूम मिळवून घरी गेलेला मालक वर्षभराने तोच दावा पुन्हा पहिल्यापासून लढताना मी पाहिलाय.

तडजोड हा माझ्या आवडीचा विषय, पण थोडक्यात आटपतो. पुरसीस, म्हणजे तडजोडीच्या अटींचा न्यायालयात द्यायचा कागद, लिहिताना घाई करू नका. "तीन महिन्यांत जागा खाली करून देईन" एवढ्याने भागत नाही. एका पुरसीशीत चावी कुणाच्या हातात द्यायची हेच लिहिलेलं नव्हतं. भाडेकरूने ठरलेल्या दिवशी सामान हलवलं, चावी शेजाऱ्याकडे दिली आणि गेला. शेजारी बाहेरगावी. मालक म्हणाला, मला ताबा मिळालाच नाही. चार महिन्यांच्या नुकसानभरपाईवर नवं भांडण, आणि रिकामं घर धूळ खात पडलेलं. डिपॉझिटमधून काय वळतं करायचं, वीजबिल कुणी भरायचं, मीटरचा आकडा काय, चावी कुणाला, पोच कशी, हे पाच मुद्दे लिहायला दहा मिनिटं लागतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला दिवाणी हुकमाचं बळ असतं. पण त्यावर अपील नाही. तेव्हा सही करण्याआधी तो कागद दोघांनाही, दोन वेगवेगळ्या माणसांनी, मोठ्याने वाचून दाखवावा. रांग लांब असते, मला माहीत आहे.

त्या वयस्कर बाईंचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल. ताबा त्यांना भाडेकरूला परत द्यावा लागला. थकबाकीचा दावा त्यांनी नंतर वेगळा लावला, तो चालू आहे. गंमत म्हणजे तो भाडेकरूही आमच्याकडेच आला होता, त्यांच्या आधी आठवडाभर, आणि त्याला आम्ही वकील दिला. त्याने मला सांगितलेलं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही: "बाई चांगल्या आहेत हो. त्यांनी एकदा शब्दाने विचारलं असतं, तर मी हप्ते बांधून दिले असते." बाईंनाही तेच हवं होतं. विचारायचं कसं आणि लिहून कसं घ्यायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

जिन्याखालच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. टेबल जुन्या अभिलेख कक्षातून मिळतंय, एक पाय डुगडुगतो, त्याखाली घडी घालायला कागद आमच्याकडे भरपूर आहेत. खुर्च्या तीन आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच, मालकांसाठी, पहिल्या टेबलाशी संबंध नसलेला एक वकील हवा आहे. कोण येताय ते कळवा.

आपला,
सल्ल्याच्या टेबलावरचा एक स्वयंसेवक